रूळ ओलांडताना दोन्ही हात स्टीअरिंगवर

काकू, तुमची गाडी आता माझ्या दारात उभी असते. सकाळी पडदा सरकवला की आधी तीच दिसते आणि मला वाटतं तुम्ही आलात, आता हॉर्न वाजवाल, "मंगल, आटप गं, डॉक्टर काय तुझ्या सासरचा आहे थांबायला?" असं ओरडाल. मग आठवतं. मग मी पडदा परत लावून टाकते.

उद्या पूर्वाची तारीख आहे. व्हेगसच्या श्वासाच्या डॉक्टरची. तुम्हीच फोनवर दवाखान्यातल्या पोरीशी भांडून ही तारीख घेतली होती, आठवतं का, "माय चाइल्ड कॅनॉट वेट" म्हणाला होतात, माय चाइल्ड, आणि मी बाजूला उभी राहून रडले होते. ह्यांना सुट्टी नाही. जिप्समचा कारखाना बंद ठेवून सगळी मशिनं दुरुस्तीला उघडलीत, आणि कॉम्प्युटर बघणारे हे एकटेच. ह्यांनी विचारून बघितलं, बॉसने नुसतं बघितलं म्हणे. तारीख चुकली तर पुढची थेट थंडीत मिळते. पूर्वाचा दम्याचा पंप खडखड वाजायला लागलाय, हलवला की कळतं आत काही उरलं नाही. आणि वारा सुरू झाला, तुम्हाला माहितीये इथला वारा, त्या पांढऱ्या कोरड्या तळ्यावरची माती उचलतो आणि सरळ माझ्या पोरीच्या छातीत नेऊन भरतो.

म्हणजे उद्या गाडी मला चालवायचीय. रूळ ओलांडून. एकटीला.

व्हेगसच्या मराठी मंडळातल्या एका बाईंचा फोन आला होता. तुमच्यावर अंकात दोन पानं लिहून द्या म्हणाल्या, मीच तुमच्या जवळची होते म्हणे. जन्म कुठला, शिक्षण किती, अमेरिकेत कधी आल्या, हे सगळं टाका म्हणाल्या. मला नाही माहीत काकू. जन्म सातारा बाजूचा एवढं माहीत. तुमचं शिक्षण मी कधी विचारलं नाही, कारण मग तुम्ही माझं विचारलं असतंत. म्हणून मी तुम्हालाच लिहिते, पूर्वा झोपलीय तोवर. त्यांना छापायचं तर छापू देत.

पहिल्यांदा तुमचा आवाज पोस्टात ऐकला. मी इथे येऊन थोडेच दिवस झाले होते आणि मी घराबाहेर पडत नव्हते. रुळावरून गाडी आली की घर हलायचं, कपबशा वाजायच्या, मालगाडी म्हणजे केवढी, डबे संपतच नाहीत, मी पूर्वाला छातीशी धरून पलंगावर बसून राहायचे. माझा बाप मूर्तिजापूरला रेल्वेत गँगमन, रुळाच्या कडेला जन्म गेला माझा, पण ती आपली गाडी होती, तिच्या खिडकीतून माणसं हात करायची. ह्या गाडीला माणूसच नाही. त्या दिवशी ह्यांनी जबरदस्तीने पोस्टात तिकिटं आणायला पाठवलं, नाहीतर तू वेडी होशील म्हणाले. तिथे पूर्वाने खाली पडलेला रबर तोंडात घातला आणि मी ओरडले, "काढ! काढ आधी ते, घाण कुठली!" आणि मागून आवाज आला,

"कोणाची गं तू?"

काकू, मी वळून बघितलं तर पांढरे आखूड केस, पँट, डोळ्याला गॉगल. मला वाटलं भास झाला. तुम्ही गॉगल वर केलात. "अशी बघतेस काय? मराठीत विचारलं ना? कोणाची?"

मी कोणाची सांगणार? सासरचं नाव सांगितलं, माहेरचं सांगितलं, आत्याच्या मुलाशी लग्न झालं तेही सांगितलं, दहावी नापास हे सोडून सगळं एका दमात सांगितलं आणि त्या पोस्टातल्या बाईसमोर हमसून हमसून रडले. तुम्ही तिला म्हणालात, "शी इज फाइन. शी इज जस्ट हंग्री." मग मला घरी नेऊन पिठलं-भात वाढलात. मला खरंच भूक लागली होती, कशी कळली तुम्हाला?

डॉक्टरकाकांना, तुमच्या यजमानांना, मी कधी बघितलं नाही, फोटोच बघितला. रेल्वेच्या लोकांसाठी इथे दवाखाना होता, त्यासाठी ते आले आणि दवाखाना बंद झाला तरी गेले नाहीत. लोक रात्रीबेरात्री दार ठोकायचे म्हणे. तुम्ही सांगायचात, त्यांनी पहिली नवी गाडी घेतली तेव्हा तुम्ही नारळ फोडायला दगड शोधत होतात, दाराशी नुसती वाळू आणि माती, धड दगड सापडेना, मग तुम्ही सरळ स्टेशनच्या पायरीवर नारळ आपटलात आणि आतून स्टेशनमास्तर बाहेर धावत आला, त्याला वाटलं काही फुटलं. तुम्ही त्याच्या हातात खोबऱ्याचा तुकडा ठेवलात. "खाल्ला गं त्याने," म्हणायचात, "आणि दुसरी गाडी घेतली तेव्हा स्वतःच पायरी झाडून ठेवली."

हे गाव मला तुम्ही दाखवलंत. मर्सी टँक. मला नावच कळेना, तुम्ही म्हणालात मर्सी म्हणजे दया आणि टँक म्हणजे पाण्याची टाकी, दयेची टाकी. पूर्वाला ढकलगाडीत घालून आपण संध्याकाळी चालायचो आणि तुम्ही पर्सने इकडे तिकडे दाखवायचात.

"हे बघ, आधी रूळ आला. गाव मागून आलं. आपल्याकडे कसं, आधी नदी, मग देऊळ, मग घरं. इथे उलटं. वाफेच्या इंजिनाला पाणी लागायचं, आणि ह्या सगळ्या तापलेल्या तव्यावर गोडं पाणी फक्त त्या डोंगराच्या पायाशी मिळालं. मग नळ टाकला, टाकी बांधली. टाकी आली म्हणून इंजिन थांबायला लागलं, इंजिन थांबलं म्हणून माणसं उतरली, माणसं उतरली म्हणून कोणीतरी भाकरी भाजायला बसलं."

"भाकरी?"

"तेच गं. पाव. तुला कळलं ना? मग झालं."

टाकी गेली, तिचे चार पाय राहिलेत सिमेंटचे, त्यावर पोरं बसतात. इंजिनं फिरवायची गोल जागा होती तिथे आता नुसता गोल खड्डा आहे आणि त्यात गवत. एक मोठं हॉटेल होतं, आगगाडीतले लोक उतरून घाईघाईत जेवायचे, ते जळालं. मग डिझेलची इंजिनं आली. "इंजिनाची तहान मेली," तुम्ही म्हणायचात, "आणि तहान मेली की पाणपोईला कोण विचारतं?" मग मोठा हायवे झाला तोही जरा लांबून गेला. उरलं काय, एक पेट्रोल पंप, शाळा, पोस्ट, आणि रुळाच्या अलीकडे ही आपली घरं. डोंगर दक्षिणेला, तळं उत्तरेला, तेही कोरडं. आणि मधून रूळ. डॉक्टर हवा, भाजी हवी, माणूस हवा, रूळ ओलांडायचाच.

गावाच्या टोकाला ते दगडांचे लहान लहान ढिगारे आहेत ना, तुम्ही तिथे दर वेळी बाटलीतलं पाणी ओतायचात. थडगी ती, चिनी मजूर होते, रूळ टाकताना मेले, नावं कोणी लिहून ठेवली नाहीत. मला भीती वाटायची तिथे, मी लांब उभी राहायचे. "अगं ये की," तुम्ही म्हणायचात, "आपल्यासारखेच आले होते कामाला. ह्यांच्या आया वाट बघत बसल्या असतील." मग मी आले. पण पाणी तुम्हीच ओतायचात.

आणि मी काय म्हणायचे? "काकू, मरू घातलेलं गाव आहे हे, चला तुम्ही मुलाकडे, निखिलकडे, आम्हीही जातो बॉथेलला नाहीतर कुठे, ह्यांचे मित्र आहेत तिथे, मंडळ आहे, गणपती बसतो, डोसे मिळतात."

तुम्हाला राग यायचा. "मूर्तिजापूरला काय डोसे मिळत होते?"

"माणसं तर होती!"

"मग मी काय बाभळीचं झाड आहे?"

हे भांडण आपलं कधी संपलं नाही. एकदा मी फार मागे लागले तेव्हा तुम्ही भाजी चिरता चिरता थांबलात आणि म्हणालात, "डॉक्टर गेले तेव्हा मुलं म्हणाली चल. मी बॅग भरली सुद्धा. मग बाहेरून गाडी गेली, आणि मला वाटलं, उद्या ही गाडी जाईल आणि मी ऐकायला नसेन." मग परत चिरायला लागलात. तुमच्या त्या वाक्यावर मला काहीतरी बोलायचं होतं काकू. अजून सुचलेलं नाही.

दसऱ्याचं सोनं मात्र मी तुमच्याशिवाय कुठे बघितलं नसतं. मी म्हटलं होतं, इथे कुठला आपटा. तुम्ही मला गाडीत घालून गावाच्या पाटीपर्यंत नेलंत, पाटीच्या पलीकडे पाय ठेवायला लावलंत, "झालं तुझं सीमोल्लंघन," म्हणालात, आणि तिथल्या काळपट झुडपाची फांदी वाकवून दाखवलीत. बोटाच्या पेराएवढं पान, पण जोडपान. दोन पाकळ्या बुडाशी चिकटलेल्या, अगदी आपट्याचं बाळ. आणि वास! कोरड्या जमिनीत पाण्याचा वास. तुम्ही माझ्या हातात ठेवलंत, "सोनं घे, सोन्यासारखी राहा." मी वाकून नमस्कार केला तर तुम्ही म्हणालात, "नमस्कार पुरे, पुढच्या दसऱ्याला गाडी तू चालवायची."

ते गाडीचं. तेही सांगते.

ह्यांनी एकदा शिकवायला घेतलं होतं, ओरडले, मी रडले, संपलं. मग तुम्ही शिकवलंत. परीक्षेचे प्रश्न मराठीत बोलून घोकून घेतलेत, मी दोनदा नापास झाले तरी तुम्ही म्हणालात, "बाई गं, दहावीसारखी सवय लावू नकोस." म्हणजे तुम्हाला माहीत होतं! कधीपासून माहीत होतं? तिसऱ्यांदा पास झाले. गावातल्या गल्लीत, शाळेच्या मैदानात मी ठीक चालवायचे. मग तुम्ही म्हणालात, आज रूळ.

पूर्वा मागे तिच्या खुर्चीत. मी हळूहळू चढावर नेली गाडी, रूळ दिसले, चकचकीत, आणि चाक रुळाला लागलं तसे माझे दोन्ही हात वर गेले. स्टीअरिंग सोडून. कपाळाला.

"अगं हात! हात! हात स्टीअरिंगवर!"

गाडी तिरकी होऊन पलीकडच्या लोखंडी खांबाला घासली, तो लांब ओरखडा अजून आहे दारावर. तुमचा गॉगल खाली पडला. तुम्ही विचारलंत, "काय केलंस काय तू?" मी म्हटलं, नमस्कार. "कोणाला?" रुळाला. माझा बाप कामावर जाताना आधी रुळाला हात लावून कपाळाला लावायचा, आमची रोजी होती ती, आई आम्हाला म्हणायची, रूळ ओलांडताना नमस्कार केल्याशिवाय पाय टाकायचा नाही. पाय लागतो ना. आता चाक लागलं.

तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मग रुळाकडे बघितलंत, मग हसायला लागलात ते डोळ्यातून पाणी येईपर्यंत. मागे पूर्वाही हसायला लागली, तिला काय कळलं देव जाणे. "अगं बये, देवाला कळतं तू गाडी चालवतेस ते! तो म्हणेल, आधी समोर बघ!" घरी आल्यावर तुम्ही पूर्वाला मांडीवर घेऊन तिच्या कानात किती वेळ काय काय कुजबुजत होतात, आणि दोघी खिदळत होतात. मी चिडले होते. मला वाटलं माझीच चेष्टा चाललीय.

त्यानंतर मी गाडी चालवत रूळ ओलांडला नाही. तुम्ही म्हणायचात चल, मी म्हणायचे, "तुम्ही आहात ना." व्हेगसला प्रत्येक वेळी तुम्हीच न्यायचात, मागे मी पूर्वाला धरून, तिची छाती वाजायची शिट्टीसारखी, आणि तुम्ही समोर बघून तिला सांगायचात, ते बघ तळं, ते बघ डोंगर, तो उंटासारखा दिसतो की नाही, श्वास घे, उंट घेतो तसा. तिला पहिला जोराचा दमा आला तेव्हा मालगाडी फाटकावर उभी होती. हलेचना. माझा जीव गेला होता. तुम्ही गाडी वळवलीत, टाकीच्या चार पायांशेजारून खाली एका कोरड्या नाल्यात उतरवलीत, रुळाच्या पुलाखालून काढलीत आणि पलीकडे वर आणलीत. डोक्यावर गाडी उभी आणि आपण तिच्या पोटाखालून. तेव्हा मला कळलं तुम्ही गाव का सांगत होतात. मी बॉथेल-बॉथेल करत होते आणि तुम्ही मला वाट सांगत होतात.

"तुम्ही आहात ना," मी म्हणायचे. एकदा सुद्धा तुम्ही "हो, आहे" म्हणाला नाहीत. नुसत्या बघायचात.

गेलातही कशा. कुकर लावून खुर्चीत बसलात म्हणे. शेजारच्या म्हाताऱ्याने शिट्ट्या ऐकल्या, थांबेनात म्हणून आला. निखिल आला, किती रडला तो, एवढा मोठा माणूस. सगळं आवरून झाल्यावर माझ्याकडे आला आणि किल्ली पुढे केली. त्याला मराठी धड येत नाही, जुळवून जुळवून म्हणाला, "आई सांगितला. कार मंगलचा. शी सेड, नो एक्स्क्यूजेस."

मेल्यावर सुद्धा ओरडलात.

पूर्वा उठली. ठेवते.

काकू, आलो. जाऊन आलो.

सकाळी चाकाखाली चार लिंबं ठेवली, ह्यांनी कामावर जाताना बघितली, पूर्वाचा पट्टा दोनदा ओढून बघितला आणि मला म्हणाले, "हळू जा. नाही जमलं तर परत ये, कोणी काही म्हणणार नाही." हे वाईट बोलले का? पण मला तेच ऐकायचं नव्हतं. परत येणं एवढं सोपं होतं.

फाटकाशी गेले तर घंटी वाजली, दांडी खाली. मालगाडी. खरं सांगू, मला बरं वाटलं. वाटलं, बघ, देवाचीच इच्छा नाही, वळव गाडी. डबे जात होते, जात होते, लाल, तपकिरी, एकावर एक, आणि मागून पूर्वाची शिट्टी ऐकू येत होती, छातीतली, बारीक. मी मोजायला गेले नाही डबे. मी त्या शिट्टीकडे कान देऊन बसले. मग शेवटचा डबा गेला आणि एकदम सगळं मोकळं झालं, पलीकडचा रस्ता दिसला, पेट्रोल पंप दिसला, आणि दांडी वर गेली.

माझे दोन्ही हात स्टीअरिंगवर. मला माहीत होतं ते वर जाणार. लहानपणापासूनचे हात आहेत, ते काय माझं ऐकतात? मी चढावर गाडी घातली, रूळ आला, बोटं सुटायला लागली.

"मम्मा, नो!"

मी आरशात बघितलं. पूर्वा तिच्या खुर्चीत ताठ बसली होती, पट्ट्यातून दोन्ही हात बाहेर काढून जोडलेले, कपाळाला लावलेले, डोळे घट्ट मिटलेले.

"यू ड्राइव्ह. नमस्कार आय डू. आजी सेड इट्स माय जॉब."

खड खड, खड खड. गेलो पलीकडे.

पंपाच्या बाजूला गाडी लावून मी किती रडले काकू. पूर्वा म्हणते, "डिड आय डू इट राँग?" मी म्हटलं नाही गं बाळा, अगदी बरोबर केलंस, आजीने शिकवलं तसं. तेच कुजबुजत होतात ना तुम्ही त्या दिवशी? आणि मी चिडले होते.

मग गेले. मोठ्या हायवेला ट्रक बाजूने गेले की गाडी हलायची, मी तुमच्यासारखं मोठ्याने बोलत होते, ते बघ तळं, ते बघ डोंगर, उंट कसा श्वास घेतो. ती म्हणाली, "आय नो, मम्मा." डॉक्टरने पंप बदलून दिला, मोठा दिला, छाती ऐकली, बरी आहे म्हणाला, तुमच्याबद्दल विचारलं. ग्रॅन्डमा कुठे म्हणाला. मी त्याला इंग्लिशमध्ये सांगितलं. चुकलं असेल, पण त्याला कळलं.

येताना गावाच्या पाटीशी थांबले. दसरा होऊन गेला, तुमच्या सुतकात आम्ही काही केलं नव्हतं. त्या झुडपाची फांदी वाकवली, जोडपानं तोडली. चिनी माणसांच्या ढिगाऱ्याशी जाऊन बाटलीतलं पाणी ओतलं, आता तुम्ही नाही तर कोण ओतणार. भीती वाटली नाही. म्हणजे वाटली, पण ओतलं.

रुळाशी आले तेव्हा पूर्वा झोपली होती. तोंड उघडं, छाती शांत, शिट्टी नाही. फाटक वर. नमस्काराला कोणी नव्हतं. मी दोन्ही हात स्टीअरिंगवर घट्ट ठेवले आणि ओलांडून आले, आणि तशीच पुढे तुमच्या गल्लीत वळले. घर बंद आहे, निखिलने पडदे काढून नेलेत. दारात गाडी लावली. गिअर पार्कमध्ये टाकला, किल्ली काढली, दोनदा बघितलं. मग खाली उतरून सोनं पायरीवर ठेवलं.

मग केला, काकू. दोन्ही हातांनी.